पंचावर हात टाकणारा मल्ल, मैदान सोडून जाणारा मल्ल: शिक्षा कोणत्या मापानं मोजायची?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

यात्रांचा हंगाम तोंडावर आलाय, कऱ्हाडपासून कवठेपिरानपर्यंत मैदानांचे फ्लेक्स झळकायला लागलेत. कुस्त्या सुरू व्हायच्या आधी हा विषय एकदा नीट मांडून ठेवतो.

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीच्या गादी (मॅट) विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपटीवर विजयी दिलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असं शिवराज राक्षेचं म्हणणं. वाद पेटला आणि त्यानं पंचाला लाथ घातली. त्याच दिवशी गादी आणि माती विभागांच्या विजेत्यांत होणाऱ्या किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड गुणावरून चिडला आणि वेळ संपायच्या आत मैदान सोडून गेला. दोघांनाही तीन-तीन वर्षांचं निलंबन जाहीर झालं.

लाथ चूकच. पंच शंभर टक्के चुकला असता तरी चूकच. माझा प्रश्न पुढचा आहे. पंचाच्या अंगावर पाय उगारणं आणि कुस्ती अर्धवट टाकून निघून जाणं, गायकवाडवरचा शिवीगाळीचा आरोप धरूनसुद्धा, या दोन गोष्टी एकाच मापाच्या कशा? १७ मे २०२२ ला दिल्लीत राष्ट्रकुलच्या निवड चाचणीत १२५ किलोच्या सतेंदर मलिकनं पंचाला मारहाण केली, त्याला कुस्ती महासंघानं आजन्म बंदी घातली. ही घटना घडली तो हॉल आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या नावाचा. हात उचलला तर आजन्म आणि पाय उचलला तर तीन वर्षं, हे ठरतं कुठल्या तक्त्यावरून?

आता क्रिकेट बघा. जुलै २०२३ मध्ये मीरपूरला हरमनप्रीत कौरनं बाद दिल्यावर यष्ट्यांवर बॅट मारली, नंतर बक्षीस समारंभात पंचगिरीवर जाहीर टीका केली. पहिल्या गुन्ह्याला ५० टक्के मानधन आणि ३ डिमेरिट गुण, दुसऱ्याला २५ टक्के आणि १ गुण. चार गुण भरले म्हणून दोन सामने बंदी. आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामना तिला बाहेर बसावं लागलं, अंतिम सामन्याला ती परत आली. शिक्षा कमी की जास्त यावर भांडता येईल, पण आकडा कुठून आला ते शाळकरी पोरालाही सांगता येतं. कुस्तीत हे का नाही?

गादीवाला_मिरज

शिक्षेआधी चितपट कशाला म्हणतात ते स्पष्ट करू, कारण निम्मी भांडणं तिथूनच उगवतात.

गादीवर तीन अधिकारी असतात. गादीवर फिरणारा पंच, बाजूला बसलेला जज आणि टेबलावर मॅट चेअरमन. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले हवेत आणि मल्ल ताब्यात आहे हे पंचाला दिसेल इतका वेळ ते धरलेले हवेत. नुसता स्पर्श पुरत नाही. गाडीच्या चाकासारखा गरकन पाठीवरून फिरून गेलेला मल्ल चितपट होत नाही, तिथं समोरच्याला फार तर २ गुण मिळतात. पंचाला चितपट वाटली तरी त्यानं आधी जज किंवा मॅट चेअरमनकडे बघून संमती घ्यायची, मगच गादीवर हात मारून शिट्टी फुंकायची. म्हणजे किमान दोघांचं एकमत लागतं.

घाईत नेमकी हीच पायरी सुटते. पंच खाली वाकलेला असतो, हलग्या वाजत असतात, वरून ओरडा चालू असतो आणि हात आधी पडतो, नजर नंतर वर जाते. एकदा शिट्टी वाजली की मल्ल सैल सोडतात. मग निर्णय फिरवायचा म्हटलं तरी तीच पकड, तोच कोन परत बांधून देता येत नाही. म्हणून पंचांच्या उजळणी वर्गात सगळ्यात जास्त वेळ कशावर द्यावा, तर "आधी नजर, मग हात" यावर.

काठावरची चितपट हा आणखी एक वादाचा विषय. ९ मीटर व्यासाच्या वर्तुळात कडेनं १ मीटरचा रंगीत पट्टा असतो. खांदे त्या पट्ट्यात टेकले तरी चितपट धरतात, पण डोकं बाहेरच्या संरक्षक भागाला लागलेलं नको. लांबून बघणाऱ्याला मल्ल "बाहेर" दिसतो आणि तो बोंब मारतो.

तांबडी_माती

गादीचं गादीपाशी ठेवा. मातीत पाठीला माती लागली की कुस्ती संपली. पंचाला कुणाकडे बघायची गरज नाही, पाठ सगळ्या मैदानाला दिसते.

गादीवाला_मिरज

मातीतसुद्धा ते तितकं सरळ नाही. पाठीला माती पुट्ठी, घिस्सा अशा डावांत लागते, आधीच्या झटापटीत लागलेली असते. लढत पाच मिनिटं चालली की दोघांच्याही पाठी तांबड्या. म्हणून जाणता पंच डाव बसला त्या क्षणी खांद्याखाली बघतो, उठल्यावर पाठ तपासत नाही.

मात्र तुमच्या बोलण्यात एक खरं दुखणं आहे. आपल्या भागातला प्रेक्षक मातीच्या निकाली (चितपटीवरच संपणाऱ्या) कुस्तीवर वाढलाय. त्याला "चितपट म्हणजे स्वच्छ आभाळ दाखवणं" एवढंच ठाऊक. गादीवरची सव्वा सेकंदाची चितपट त्याला चोरीची वाटते. मल्लही बहुतेक दोन्हीकडे खेळतात, त्यामुळे चिडण्याचं कारण डोक्यात आधीच तयार असतं.

हलगी_विटा

व्हायरल होणाऱ्या फोटोंबद्दल लिहितो, कारण अहिल्यानगरनंतर आठवडाभर प्रत्येकाच्या मोबाईलवर एक स्थिर चित्र आणि त्यावर लाल गोल फिरत होता.

एका फोटोवरून चितपट झाली हे सिद्ध होत नाही, आणि झाली नाही हेही नाही. चितपटीला "धरून ठेवणं" लागतं आणि फोटोत वेळ दिसत नाही. खांदा दोन बोटं वर दिसतोय तो क्षण पकडीच्या आधीचा असू शकतो, सुटतानाचाही असू शकतो. त्यात बहुतेक मोबाईल गॅलरीतून, उंचावरून धरलेले. वरून बघितलं तर वरच्या मल्लाची छाती खालच्याचे खांदे पूर्ण झाकते. जो खांदा दिसतो तो जवळचा, लांबचा कधीच दिसत नाही.

कॅमेरा लावायचाच तर गादीच्या किंवा आखाड्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत तिपाईवर लावा. उंची गुडघ्याएवढी, फार तर कमरेपर्यंत. म्हणजे एका कॅमेऱ्याला पंचाची पाठ आडवी आली तर दुसरा मोकळा राहतो. सेकंदाला ६० चौकटींवर ठेवा, ३० वर वेगाचा डाव पुसट येतो. झूम करू नका, अख्खं वर्तुळ चौकटीत राहू द्या. घड्याळ किंवा गुणफलक एका कोपऱ्यात दिसला तर फारच उत्तम, कारण शिट्टी आधी की डाव आधी हाही वाद असतोच. मातीच्या मैदानात सूर्य मावळतीला जाताना पश्चिमेकडे तोंड करून कॅमेरा ठेवला तर मल्लांच्या नुसत्या सावल्या मिळतात, आणि मोठ्या कुस्त्या नेमक्या त्याच वेळी लागतात. तेवढं बघून कोपरे निवडा.

पलूसकर

चांगली माहिती. चॅलेंजबद्दलही कुणीतरी लिहा. परवा एका मैदानात वस्ताद थेट गादीवर चढून पंचाशी वाद घालत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

गादीवाला_मिरज

वस्तादांनी गादीवर पाय ठेवायचाच नाही. त्यांची जागा कोपऱ्यात, गादीच्या कडेपासून किमान २ मीटर लांब. तिथून मल्लाला सूचना देता येतात, पंचाशी बोलता येत नाही. ऐकलं नाही तर आधी पिवळं कार्ड, मग लाल आणि बाहेर.

दाद मागायची ती चॅलेंजनं. गुण फलकावर लागले की पाच सेकंदांच्या आत वस्तादांनी हातातला स्पंजचा ठोकळा गादीवर टाकायचा. मल्लाला ते चॅलेंज नको असेल तर तो नाकारू शकतो, शेवटचा शब्द त्याचा. चित्रफीत बघून दावा खरा निघाला तर निर्णय बदलतो आणि चॅलेंज शिल्लक राहतं. खोटा निघाला तर समोरच्याला १ गुण जातो आणि त्या कुस्तीपुरतं चॅलेंज संपलं. म्हणून आघाडीवर किंवा बरोबरीत असताना रागापोटी ठोकळा फेकू नये. ३-३ बरोबरीत तो एक गुण कुस्ती घेऊन जातो. आणि बरोबरी राहिली तरी आधी मोठ्या गुणाचा डाव कुणाचा, मग ताकीद कुणाला कमी, मग शेवटचा गुण कुणाचा, या क्रमानं विजेता ठरतो. "बरोबरी होती तरी याला कसं दिलं?" हा ओरडा ज्यांना हा क्रम माहीत नाही त्यांचा असतो.

कुस्ती संपल्यावरचे नियमही लिहून ठेवतो, ते फार थोड्यांना माहीत असतात. मल्लांनी एकमेकांशी, पंचाशी आणि समोरच्या वस्तादांशी हात मिळवायचा. मैदानाबाहेर पडेपर्यंत जर्सीचे खांद्यावरचे पट्टे खाली ओढायचे नाहीत. जिंकल्यावर पट्टे उतरवून शड्डू ठोकत फिरणं लोकांना आवडतं, रीलही छान होतं, पण नियमानं तो बेशिस्तीत मोडतो. पंचावर हात टाकणं, चावणं, मुद्दाम दुखापत करणं याला लाल कार्ड. त्यात नुसती ती कुस्ती जात नाही, अख्ख्या स्पर्धेतून नाव कापलं जातं आणि क्रमवारीतही स्थान मिळत नाही.

कोयनाकाठ

म्हणजे मैदानावरच्या शिक्षेचं माप नियमपुस्तकात आहे. घोळ आहे तो नंतरच्या बंदीत. मैदानावर लाल कार्ड कोणत्या कलमाखाली हे पंचाला सांगता येतं, पण पुढची तीन वर्षं की आजन्म हे बैठकीत बसलेल्यांच्या त्या दिवशीच्या रागावर ठरतं. हेच मला खटकतं.

कृष्णामाई_वाई

दुसरी बाजूही मांडायला हवी. पंच कोण असतात? बरेचसे जुने मल्ल किंवा शाळेतले क्रीडाशिक्षक, दिवसाचं जेमतेम मानधन घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत उभे. १२० किलोचा माणूस अंगावर धावून आला तर त्यांना कोण वाचवणार? शिक्षेत तीन महिने, सहा महिने असं मोजमाप करत बसलात तर उद्या पंच मिळायचे नाहीत. पंचावर हल्ला झाला की जबर शिक्षा हवीच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या आंखेल मातोसनं तायक्वांदोच्या पंचाच्या तोंडावर लाथ मारली, त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर दोघांवरही आजन्म बंदी आली. प्रशिक्षकावर! आपल्याकडे वस्तादाला कधी काही झालंय का?

कोयनाकाठ

जबर शिक्षेला विरोध नाहीच. आजन्म ठेवायची तर आजन्म ठेवा, पण स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर छापा आणि सगळ्यांना सारखी लावा. वस्तादांचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

तांबडी_माती

खाशाबांचं उदाहरण इथं बसतं. १९५२ ला हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरायला सांगितलं. नियमानं मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. ती मागायला, आक्षेप घ्यायला तिथं भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. खाशाबा दमलेल्या अंगानं उतरले, हरले आणि कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांनी आदळआपट केली नाही म्हणून आपण कौतुक करतो, ते योग्यच. पण दाद मागायला माणूस नसणं हा अन्याय होताच. मल्लानं सोसलं म्हणून व्यवस्थेची चूक पुसली जात नाही.

कोयनाकाठ

हे अगदी मनातलं लिहिलंत.

हलगी_विटा

मैदानाबाहेरच्या वर्तनाबद्दल इथं कुणीच बोलत नाहीये. त्यात लग्न, घर, राजकारण यातलं काही मी धरत नाही. चाहत्यांना तिथं नाक खुपसायचा हक्क नाही. पण उत्तेजक द्रव्य हा आपला विषय आहे, कारण तालमीतली पोरं थोरल्यांचं बघून प्रोटीन पावडरचे डबे आणतात.

तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवला २०१६ मध्ये रिओच्या तोंडावर चार वर्षांची बंदी आली. आपल्या अन्नपाण्यात कुणीतरी मिसळलं हा त्याचा दावा क्रीडा लवादानं मान्य केला नाही. यातून तालमींनी शिकायची गोष्ट अशी की तुमच्या शरीरात सापडलं तर जबाबदारी तुमची, मिसळलं दुसऱ्यानं असलं तरी ते तुम्हाला पुराव्यानिशी दाखवावं लागतं. म्हणून व्यवहारात काय करायचं ते लिहितो.

प्रोटीनचा डबा सुटा किंवा फोडलेला घेऊ नका. पावती आणि डब्यावरचा बॅच क्रमांक यांचा फोटो काढून ठेवा. संपत आलेल्या डब्यातला चमचाभर नमुना बंद पिशवीत ठेवला तर उद्या तपासायला उपयोगी पडतो. सर्दी-खोकल्याचं औषध, सांधेदुखीचं इंजेक्शन, वैद्याचं चूर्ण, काहीही घेण्याआधी डॉक्टरांना "मी स्पर्धा खेळतो" हे सांगा आणि नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नो युवर मेडिसिन अ‍ॅपवर औषधाचं नाव टाकून बघा. चूर्णाचं नाव तिथं सापडत नाही, म्हणून चूर्ण टाळलेलंच बरं.

नमुना घ्यायला माणूस आला तर पळू नका. नमुना द्यायला नकार दिला तरी बंदी चार वर्षांपर्यंत जाते. ओळखपत्र मागा, सोबत आपला एक माणूस ठेवा, तो तुमचा हक्क आहे. किट तुम्ही स्वतः निवडायचं, सील फुटलेलं नाही ना बघायचं. किमान ९० मिली लघवी लागते, ती ए आणि बी अशा दोन बाटल्यांत तुम्ही स्वतः ओतून बंद करायची. बाटलीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळवून मगच सही. गेल्या सात दिवसांत घेतलेली सगळी औषधं आणि पूरक आहार अर्जावर लिहायचा. पोरं लाजून ते रकाने रिकामे सोडतात आणि नंतर तेच अंगाशी येतं.

पलूसकर

हे अख्खं प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. आता गावच्या मैदानाचं बोला. आमच्या यात्रा समितीची बैठक येत्या रविवारी आहे. तीन अधिकारी, चॅलेंज, हे आम्हाला झेपणारं नाही. मातीचं मैदान, शंभरावर कुस्त्या, पंच सहा-सात. भांडण होऊ नये म्हणून आधी काय ठरवायचं?

तांबडी_माती

मैदानात भांडण होतं ते तीन जागी. जोड लावताना, कुस्ती सोडवताना आणि इनाम देताना.

जोड लावताना वजन बघा. नुसत्या उंचीवर आणि नावावर जोड लावली की पाच-सहा किलोंचा फरक सहज निघतो आणि हरणारा "जोड चुकीची" म्हणून बसून राहतो. साधा वजनकाटा नोंदणीच्या टेबलावर ठेवा. वजन वहीत लिहा, मल्लाची सही घ्या. मोठ्या कुस्त्यांच्या जोडी आदल्या दिवशीच जाहीर करा.

सोडवण्यावरून तर दरवर्षी होतं. कुस्ती किती मिनिटांची, निकाली की गुणांवर, हे लावतानाच माईकवर सांगा. लहान गटाला ५ मिनिटं, मधल्यांना १० आणि शेवटच्या मोठ्या कुस्त्यांना २० मिनिटं निकाली पुरतात. त्यात निकाल नाही लागला तर पुढची ३ मिनिटं गुणांवर, पहिला ताबा घेईल तो विजयी, असं ठेवता येईल. मधेच नियम बदलायचा नाही. पाहुणे आले म्हणून मोठी कुस्ती लवकर उरकायची, हे तर अजिबात नको. कुस्ती बरोबरीत सोडवली तर इनाम निम्मं-निम्मं की नाहीच, तेही आधीच.

आखाड्यात उतरताना पंचानं अंगावर तेल आहे का ते हात फिरवून बघायचं. तेल लावलेल्या मल्लाचा पट (पाय धरायचा डाव) निघत नाही, समोरचा चिडतो, मग डोक्यात हात बसतो. नखं बघायची. मातीत पाण्याचा हबका मारून ओल बरोबर ठेवा. कोरडी माती डोळ्यांत फेकली जाते आणि मुद्दाम फेकली का उडाली हे पंचालाही सांगता येत नाही.

कृष्णामाई_वाई

आखाड्याभोवती दोरी बांधा आणि दोरीच्या आत फक्त पंच, एक वहीवाला आणि एक डॉक्टर. फेटेवाले मानकरी सुद्धा दोरीबाहेर. निम्मी मारामारी आखाड्यात उतरणाऱ्या लोकांमुळे होते, मल्लांमुळे नाही. पाण्याच्या बाटल्या प्रेक्षकांत विकायला बंदी, त्याऐवजी टाकी ठेवा. बाटल्याच मैदानात येऊन पडतात.

पलूसकर

सगळं धरून निवेदकासाठी मसुदा केलाय. बघून सांगा:

"मल्लहो आणि वस्तादांनो, ऐका. प्रत्येक कुस्तीचा वेळ आणि प्रकार कुस्ती लावताना सांगितला जाईल. पंचांशी मल्ल बोलणार नाही. हरकत असेल तर वस्तादांनी निकालानंतर दोन मिनिटांत, दोरीबाहेरच्या टेबलावर, तोंडी सांगून वहीत सही करायची. पंचांना शिवीगाळ केल्यास त्या दिवशीचं इनाम रद्द. आखाडा सोडून गेल्यास कुस्ती हरली असं धरून इनाम रद्द आणि पुढच्या वर्षी प्रवेश नाही. पंचांच्या अंगावर हात टाकल्यास इनाम रद्द, तीन वर्षं या मैदानात प्रवेश नाही, आणि त्याच्या तालमीच्या वस्तादांना एक वर्ष मैदानात बसता येणार नाही. पंचांचा निर्णय अंतिम राहील."

कोयनाकाठ

मसुदा झकास आहे. वस्तादाला जोडलंत हे फार बरं केलंत. पण शेवटचं वाक्य काढा. वर दोन मिनिटांत हरकत घ्यायला सांगता आणि खाली निर्णय अंतिम म्हणता, मग वहीत सही कशाला करायची? त्याऐवजी लिहा: "हरकत घेतलेल्या कुस्तीचं इनाम टेबलावर राहील. ज्यांनी ती कुस्ती दिली ते पंच सोडून बाकीच्यांतले तीन पंच चित्रफीत बघून पंधरा मिनिटांत निकाल देतील, तो अंतिम राहील." आणि हरकतीची फी ठेवू नका, गरीब तालमीचा वस्ताद फी ऐकूनच गप्प बसतो.

हलगी_विटा

पंधरा मिनिटांत चित्रफीत बघायची तर दोन्ही मोबाईल चार्जिंगच्या वायरला जोडलेले ठेवा आणि प्रत्येक कुस्ती वेगळी रेकॉर्ड करा. सलग तीन तासांच्या फाइलमध्ये ती कुस्ती शोधण्यातच अर्धा तास जातो. वहीत कुस्तीचा क्रमांक लिहायचा, तोच क्रमांक रेकॉर्डिंग सुरू करताना मोठ्यानं म्हणायचा. वही सांभाळणारा आणि मोबाईलवाला शेजारी-शेजारी बसवा.

पलूसकर

बदल केले. रविवारी बैठकीत वाचतो. वस्तादांवरच्या कलमाला विरोध होणार हे गृहीत धरलंय, तिथं काय उत्तर द्यायचं तेवढं कुणी सुचवलं तर बरं.

कृष्णामाई_वाई

मातोसच्या प्रशिक्षकाची गोष्ट सांगा. आणि मल्लाला आखाड्यात उतरवताना वस्ताद त्याच्या पाठीवर थाप मारतात, बक्षीस घेताना शेजारी उभे राहतात, हेही सांगा. विरोध फारच झाला तर एक वर्षाऐवजी "त्या दिवसापुरतं दोरीबाहेर" इतकं खाली या, पण कलम पूर्ण काढू देऊ नका.